लसीचं कार्ड, गुण्या आणि जिराफाचं स्टिकर : मुलांची वाढ मोजायच्या साधनांचं परीक्षण

सगळ्यात चांगली वस्तू आधीच सांगून टाकतो, कारण ती फुकट आहे. माता आणि बाल संरक्षण कार्ड. महापालिकेच्या दवाखान्यात, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे गरोदरपणाची नोंद केली की ते हातात येतं. बाळंतपण खासगी रुग्णालयात करणारी मंडळी बऱ्याचदा ते मागतच नाहीत. मागावं. ज्यांच्याकडे असतं त्यांच्याही घरी त्याचं नाव ‘लसीचं कार्ड’ पडतं आणि तिथेच त्याची निम्मी किंमत जाते. लसींचं पान शिक्क्यांनी भरलेलं असतं, वाढीचा आलेख मात्र कोरा करकरीत.

त्या आलेखासाठीच कार्ड जपायचं. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. आडव्या रेषेवर वय महिन्यांत, उभ्या रेषेवर वजन किलोत, आणि मधे हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे. पट्टे आखलेत ते जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांवरून. त्यासाठी 1997 ते 2003 या काळात सहा देशांतली, भारतापुरतं बोलायचं तर दक्षिण दिल्लीतली, मुलं मोजली होती. निवडलेली मुलं अंगावर दूध पिणारी, घरात खायला-प्यायला नीट मिळणारी आणि आई धूम्रपान न करणारी. म्हणजे मुलं सध्या कशी वाढताहेत यापेक्षा नीट मिळालं तर कशी वाढतात, हे तो आलेख दाखवतो. ‘आपली मुलं मुळात बारीकच असतात’ हे वाक्य पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी वापरायचं नाही ते यामुळे.

आता आलेख वाचायचा कसा, ते दोन मुलींवरून बघू. समजा दोघीही नऊ महिन्यांच्या आणि दोघींचं वजन 6.7 किलो. या वयाच्या मुलीचं मधलं वजन 8.2 आणि हिरव्या पट्ट्याची खालची कड 6.5, म्हणून दोघी हिरव्यात. ठिपका बघून काट्यावरची ताई म्हणेल, ठीक आहे. पहिलीचं वजन सहाव्या महिन्यात 5.9 होतं, बाराव्यात 7.3 भरलं. ती कडेकडेने चालली आहे, पण रेषा पट्ट्याला समांतर वर जाते आहे. बहुधा चणीनेच लहान. दुसरी सहाव्या महिन्यात 6.6 होती. तीन महिन्यांत वाढली फक्त 100 ग्रॅम. तिची रेषा आडवी पडली आहे. ती हिरव्यात असली तरी आजच विचारपूस व्हायला हवी ती हिची. बाराव्या महिन्यापर्यंत थांबलात तर ती पिवळ्यात उतरलेली दिसेल आणि मग सगळे धावपळ करतील. एकटा ठिपका काही सांगत नाही, तीन ठिपके जोडल्यावर कार्ड बोलायला लागतं.

सहा ते नऊ महिन्यांत रेषा आडवी पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पुण्याच्या स्वयंपाकघरात सापडतं: डाळीचं पाणी, भाताची पातळ पेज, रव्याची पळीवाढी खीर. पोट भरतं, उष्मांक जात नाहीत. सहा महिन्यांनंतर नुसतं अंगावरचं दूध पुरत नाही, आणि बाळाचं पोट एवढंसं. त्यामुळे घास घट्ट हवा. चमचा तिरका केला तर पदार्थ ओघळता कामा नये, हळूच घसरला पाहिजे. डाळीचं वरचं पाणी नको, डाळच कुस्करून. वर चमचाभर तूप किंवा तेल. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा, शिवाय अंगावरचं दूध चालूच. हे करून महिनाभरात रेषा उचलली नाही तर डॉक्टर, तपासण्या वगैरे. लघवीचा संसर्ग आणि लोहाची कमतरता या दोन गोष्टी तिथे आधी बघितल्या जातात.

कार्डातल्या उणिवाही सांगायला हव्यात. आलेखाचे चौकोन बारीक आहेत. जाड बॉलपेनने ठिपका दिला तर तो अख्खं पावशेर खातो. टोकदार पेन्सिल वापरा. घडी आलेखाच्या आसपास येते आणि दोन पावसाळ्यांत तिथेच फाटते. लॅमिनेट करू नका, मग लिहिता येत नाही. अप्पा बळवंत चौकातून आलेखाच्या पानाची मोठी झेरॉक्स काढून ती भरा आणि मूळ कार्ड प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये ठेवा. काही जुन्या कार्डांवर आलेख तिसऱ्या वर्षीच संपतो, तेव्हा हातात कुठलं आलं आहे ते बघून घ्या. सगळ्यात मोठी उणीव अशी की पाच वर्षांनंतरच्या वाढीचा आलेखच त्यात नाही. धनुर्वात-घटसर्पाची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी घ्यायची असते, पण तोवर कार्ड कुठल्या ट्रंकेत आहे हे कुणालाच आठवत नसतं.

खासगी बालरोगतज्ज्ञांकडच्या गुळगुळीत फायली दिसायला उजव्या. त्यात उंची, वजन आणि डोक्याचा घेर असे तिन्ही आलेख असतात, ही खरी सोय. फक्त आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काय छापलं आहे ते वाचा. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा आणि पाचनंतर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा, म्हणजे आयएपीचा 2015 चा आलेख हवा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा आलेख छापलेली फाईल मिळाली तर त्यावर शाळकरी भारतीय मुलं विनाकारण खाली दिसतात आणि घरात कारण नसताना काळजी शिरते.

वजनकाट्यांकडे वळू. अंगणवाडीतला झोळीचा टांगता काटा 100 ग्रॅमच्या खुणांचा असतो. सहा महिन्यांच्या बाळाला महिन्यातून एकदा मोजायला तो पुरेसा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मात्र त्याचा उपयोग नाही. नवजात बाळ जन्मानंतरच्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन गमावतं, दहा-चौदा दिवसांत ते भरून काढतं आणि मग रोज साधारण 25 ते 30 ग्रॅम घेतं. तीन दिवसांची वाढ त्या काट्याची एक खूणही भरत नाही. तेव्हा 5 किंवा 10 ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटाच हवा. विकत घ्यायची गरज बहुतेकांना नाही, दवाखान्यातला चालतो. बाळ कमी वजनाचं जन्मलं असेल, 2.5 किलोच्या आतलं, तर भाड्याने घ्या आणि आठवड्यातून एकदाच वापरा. रोज काट्यावर ठेवणाऱ्या घरांत आईचं दूध आटायच्या आधी तिची झोप आटते.

काटा कुठलाही असो, चुका ठरलेल्या. लंगोट किंवा डायपर काढलाच पाहिजे. ओला डायपर शंभर-दोनशे ग्रॅम सहज लपवतो. काटा गादीवर, सतरंजीवर, घडीच्या चटईवर ठेवायचा नाही, थेट फरशीवर. रिकाम्या काट्यावर दुपटं टाकून शून्य करून घ्या आणि मग बाळ ठेवा. महिन्यातून एकदा मिठाचा एक किलोचा सीलबंद पुडा ठेवून काटा तपासा. पिशवीचे चार-पाच ग्रॅम जास्त दाखवेल, त्याहून फरक आला तर सेल बदला. मोठ्यांच्या काट्यावर आधी आई एकटी, मग बाळाला कडेवर घेऊन, अशी वजाबाकी करता येते, पण त्यात दोन वेळा 100-100 ग्रॅमची चूक शिरते. वर्षाच्या आत ही पद्धत नको.

उंचीच्या बाबतीत बाजारातलं सगळ्यात लाडकं साधन सगळ्यात वाईट आहे. ते म्हणजे भिंतीवर चिकटवायचं जिराफाचं स्टिकर. त्यावर एकाहून एक तक्रारी आहेत. पुण्यातल्या जवळपास प्रत्येक फ्लॅटमध्ये भिंतीला खाली स्कर्टिंगची पट्टी असते. ती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुढे येते, त्यामुळे मुलाची टाच भिंतीला टेकतच नाही आणि मूल मागे रेलतं. स्टिकरची पहिली खूण बहुधा शून्य नसते, साठ-सत्तर सेंटिमीटरपासून सुरुवात असते. चिकटवताना ती जमिनीपासून मोजून बरोबर त्याच उंचीवर आली पाहिजे, आणि हे कोणी करत नाही. वर व्हिनाइल ओढत ओढत चिकटवलं की ताणलं जातं. मग डोक्यावर आडवी वही किंवा तळहात ठेवायचा, तो हमखास तिरका. अशा मापात दोन सेंटिमीटरची चूक आरामात होते, आणि शाळकरी मूल सहा महिन्यांत वाढतंच जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. जिराफ मुलांच्या खोलीत शोभेला ठेवा.

त्याऐवजी दोन वस्तू घ्या. लोखंडी पट्टीचा साधा टेप आणि सुताराचा काटकोनी गुण्या. दोन्ही बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. जागा दाराच्या चौकटीची, कारण तिथे स्कर्टिंग नसतं. टेप जमिनीपासून सरळ वर नेऊन चौकटीवर पेन्सिलीने सेंटिमीटरच्या खुणा करा. मुलाचे बूट, मोजे काढा. वेणी, अंबाडा, क्लिपा, हेअरबँड सोडा. टाचा एकत्र, गुडघे सरळ. टाचा, ढुंगण आणि पाठ चौकटीला टेकलेली. नजर समोर, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत. हनुवटी वर करून उंच व्हायचा प्रयत्न मुलं करतातच, म्हणून एकाने हनुवटी धरायची. दुसऱ्याने गुण्याची एक बाजू चौकटीला सपाट लावून दुसरी केस दाबून डोक्यावर टेकवायची आणि खालच्या कडेशी खूण करायची. दोनदा मोजा. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. वेळ एकच ठेवा. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबून उंची एक सेंटिमीटरपर्यंत कमी होते, म्हणून मागच्या वेळी सकाळी आणि या वेळी रात्री जेवणानंतर, असं केलं तर मूल खुंटल्यासारखं दिसेल. गुण्याला आमच्याकडून पाचापैकी पाच.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला आडवं निजवून मोजतात, त्यानंतर उभं करून. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे 0.7 सेंटिमीटर जास्त भरते, त्यामुळे पद्धत बदलताना ‘बाळाची उंची घटली’ असा भास होतो. सर्जिकलच्या दुकानातली घडीची मऊ मोजपट्टी यासाठी दिसते बरी, पण बाळाने पाय मारला की पायाकडची पट्टी वाकते. लाकडी किंवा ॲक्रिलिकची कडक फळी हवी आणि माणसं दोन हवीत: एक डोकं वरच्या फळीला धरून ठेवायला, दुसरं गुडघे हलके दाबून पावलं काटकोनात टेकवायला. एकट्याने मोजलेली लांबी लिहूच नका. घरी हे काम करण्यापेक्षा लसीच्या दिवशी दवाखान्यातूनच लिहून घ्या. पहिल्या वर्षी साधारण 25 सेंटिमीटर वाढ होते, दुसऱ्या वर्षी 12 च्या आसपास.

शिंप्याचा कापडी टेप डोक्याच्या घेरासाठी चालत नाही, तो ताणतो. फायबरग्लासचा, न ताणणारा घ्या. पुढून भुवयांच्या वर, मागून डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग, आणि सर्वांत मोठं येईल ते माप खरं. जन्मतः घेर 34-35, वर्षाला 45-46. वाढ पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला दोन सेंटिमीटर, पुढच्या तीनांत एक, मग वर्षापर्यंत अर्धा. टाळू बहुतेक नऊ ते अठरा महिन्यांत भरते. लवकर भरली म्हणून घाबरायच्या आधी घेर मोजा. घेर वाढत असेल तर घाई नको. दंडाच्या घेराची रंगीत पट्टी आशाताईंकडे असते. सहा महिने ते पाच वर्षे वयात 11.5 सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, 12.5 च्या खाली मध्यम. एवढी स्वस्त आणि इतकं खरं बोलणारी वस्तू दुसरी नाही.

आता वाढ सोडून विकास. कार्डातली चित्रं (हसतं, मान धरतं, बसतं, बोट दाखवतं) आई-बाबांना दाखवायला छान आहेत, पण ‘कधीपर्यंत थांबायचं’ हे चित्रातून कळत नाही. त्यासाठी त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्रात तयार झालेला तक्ता जास्त उपयोगी. दोन वर्षांपर्यंतचे 17 टप्पे, प्रत्येकापुढे एक आडवी पट्टी: पट्टी जिथे सुरू होते त्या वयात काही मुलांना ते जमतं, जिथे संपते तोवर जवळपास सगळ्यांना. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. जी पट्टी पूर्ण पेन्सिलीच्या डावीकडे गेली आणि बाळाला ते जमत नाही, तिथे उशीर. दवाखान्यात पाच-सात मिनिटांचं काम. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वय दुरुस्त करून घ्या. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे लवकर आलेलं असतं, म्हणून सहा महिन्यांचं झालं तरी टप्पे चार महिन्यांचे बघायचे. दोन वर्षांपर्यंत हीच पद्धत. ही वजाबाकी विसरल्यामुळे कितीतरी सुदृढ बाळांना उगाच ‘मागे’ ठरवलं जातं.

टप्प्यांचा पल्ला किती मोठा असतो ते लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय बसली ती 3.8 ते 9.2 महिन्यांच्या दरम्यान, आणि स्वतः चालली ती 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान. सुमारे चार टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. शेजारच्या बाळाने अकराव्या महिन्यात पाऊल टाकलं ही त्या बाळाची बातमी, तुमच्या बाळाचा निकाल नव्हे. याउलट काही गोष्टींना ‘होईल हळूहळू’ म्हणायचं नसतं. तीन महिन्यांपर्यंत माणसाकडे बघून हसत नाही. दीड वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही किंवा एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडी नाही. आणि येत असलेली गोष्ट सुटली, तर वय कुठलंही असो, त्याच आठवड्यात दाखवा. बोलायला उशीर असेल तर पहिली तपासणी कानांची. ‘आवाज दिला की बघतो’ हा पुरावा पुरेसा नाही, पाठीमागून हळू आवाजात बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

बारशाला नाहीतर पहिल्या वाढदिवसाला हमखास येणारी भेट म्हणजे चाकांचा, मधे बसायची झोळी असलेला वॉकर. परत करा. त्यात मूल बोटांच्या टोकांवर ढकलतं, स्वतःचा तोल सावरायला शिकत नाही, आणि जिन्यापर्यंत किंवा चुलीपर्यंत पोचायला त्याला दोन सेकंद पुरतात. कॅनडाने 2004 मध्ये असे वॉकर विकण्यावरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा याहून कितीतरी शहाणा. मूल स्वतः उभं राहून तो ढकलतं, वजन पूर्ण पावलांवर येतं, आणि दमलं की सोडून खाली बसतं. पेठांतल्या लाकडी खेळण्यांच्या दुकानांत तो मिळतो. घेताना दांडा मुलाच्या छातीच्या खाली येतो का ते पाहा, खिळ्यांची टोकं हाताने चाचपा. गुळगुळीत फरशीवर तो निसटतो, म्हणून चाकांना रबराची पट्टी लावून घ्या. मूल धरून उभं राहायला लागल्यावरच द्यायचा, आधी नाही.

पाच वर्षांनंतरच्या काळाबद्दल जास्त लिहायला हवं, कारण तिथे कुणीच कार्ड देत नाही. लसी संपल्या की दवाखाना सुटतो, मूल तापाशिवाय डॉक्टरांना दिसत नाही. या वयासाठी साधन आहे, आणि त्याचं पुण्याशी नातंही आहे. आयएपीच्या 2015 च्या आलेखांमागे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचं काम आहे. ससून रस्त्यावरच्या जहांगीर रुग्णालयातली हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्था हे त्याचं ठिकाण. पुण्यासह देशातल्या 14 शहरांतल्या मुलांच्या मोजमापांतून 33,148 जणांची आकडेवारी घेऊन पाच ते अठरा वर्षांच्या रेषा काढल्या. मुलगा-मुलगी वेगळे, उंचीच्या सात रेषा. शंभर मुलं उंचीप्रमाणे ओळीत उभी केली तर सर्वांत खालची रेषा खालून तिसऱ्याची, वरची सत्त्याण्णवाव्याची. बालरोगतज्ज्ञांकडे मागितली तर प्रत मिळते, मोबाइलवरही आयएपीचं ॲप आहे. ॲपपेक्षा कागद बरा: ॲप आकडा देतं, कागदावर वळण दिसतं.

या आलेखावर सगळ्यात जास्त होणारी चूक वयाची. ‘सातवं चालू आहे’ म्हणजे सहा पूर्ण. सातवर ठिपका दिला तर मूल एकदम वर्षभराच्या वाढीने मागे पडलेलं दिसतं. पूर्ण वर्षं आणि वर महिने असं मोजा. दुसरी चूक घाईची. दर महिन्याला उंची मोजून काही कळत नाही, मोजण्यातली चूक वाढीपेक्षा मोठी असते. सहा महिन्यांनी मोजा, निर्णय वर्षाच्या फरकावर घ्या. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर हवेत. चारच्या खाली आली तर मूल आज कुठल्याही रेषेवर असो, तपासणी हवी: थायरॉइड, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिॲक आजार, वाढीचं संप्रेरक, आणि मुलीत टर्नर सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रांचा दोष. मागची मापं नाहीत अशी तक्रार असते, ती निम्मी खोटी. बऱ्याच शाळांच्या प्रगतिपुस्तकांत उंची-वजनाचे रकाने असतात. पीटीच्या सरांनी बुटांसकट घेतलेली मापं असतील, पण दरवर्षी बूट होतेच, तेव्हा फरक बऱ्यापैकी खरा निघतो. जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका.

आई-वडिलांच्या उंचीवरून अंदाज काढता येतो. दोघांची सरासरी घ्या, मुलासाठी 6.5 सेंटिमीटर मिळवा, मुलीसाठी तेवढेच वजा करा. बाबा 170, आई 155 तर मुलगा 169 च्या आसपास, मुलगी 156 च्या. पण दोघांनाही गुण्याखाली उभं करा. बाबा लोकांची सांगितलेली उंची खऱ्यापेक्षा इंचभर जास्त निघते, हा नियमच समजा.

वयात येण्याच्या क्रमाबद्दल घरोघरी उलटं ज्ञान आहे. मुलींत पहिली खूण छातीशी येणारी गाठ, आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान. अनेकदा ती एकाच बाजूला आधी येते आणि घरात नको त्या आजाराची भीती शिरते. ती दाबू नका, सोनोग्राफीची घाई नको. त्यानंतर उंचीचा झपाटा, वर्षाला आठ सेंटिमीटरच्या आसपास. पाळी येते त्या गाठीनंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी, म्हणजे झपाटा ओसरताना. पाळीनंतर सरासरी पाच-सात सेंटिमीटरच उरतात. ‘पाळी आली, आता उंचीचं बघू’ असं म्हणत येणारे पालक दोन वर्षं उशिरा आलेले असतात. मुलांत पहिली खूण अंडकोश मोठे होण्याची, नऊ ते चौदा वर्षांत, आणि ती कोणाच्याच लक्षात येत नाही. उंचीचा झपाटा मुलींपेक्षा दोनेक वर्षांनी येतो, नऊ-दहा सेंटिमीटरचा. घसा फुटणं आणि मिसरूड ही मागाहूनची लक्षणं. मधल्या काळात मुलाच्या छातीशीही गाठ येऊ शकते. वर्ष-दोन वर्षांत बहुधा जाते. त्या काळात त्याला टी-शर्टवरून चिडवणाऱ्या नातेवाइकांना आवरा.

मुलीला आठच्या आधी किंवा मुलाला नऊच्या आधी खुणा दिसल्या, अथवा मुलीला तेरापर्यंत आणि मुलाला चौदापर्यंत काहीच दिसलं नाही, किंवा पंधरापर्यंत पाळी नाही, तर बालसंप्रेरकतज्ज्ञ. लवकर वयात येणारं मूल वर्गात सगळ्यांत उंच दिसतं म्हणून घरचे खूश असतात; हाडांची टोकं लवकर मिटली की तेच पुढे सगळ्यांत बुटकं राहतं.

वजनाच्या बाबतीत आयएपीच्या बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आलेखावर वरच्या दोन रेषा आहेत, प्रौढांच्या 23 आणि 27 ला जुळणाऱ्या. पहिली अतिवजनाची, दुसरी लठ्ठपणाची. मोठ्यांचा आकडा मुलांना लावू नका. अकरा वर्षांच्या मुलाचा बीएमआय 22 आला तर ‘पंचविसाच्या आत आहे की’ असं म्हणून सोडून देतात, प्रत्यक्षात तो अतिवजनाच्या रेषेच्या बराच वर असतो. इथेही पुण्याचंच काम डोळे उघडणारं आहे. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जो अभ्यास चालवला, त्यात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून असलेली दिसली. हलकी म्हणजे सडपातळ, असं नाही. म्हणून कमी वजनाच्या बाळाला शाळेच्या वयात बाळसं आणायच्या नादात बिस्किटं आणि पावडरींची दुधं पाजू नका. रेषा ओलांडत वर जाणारं वजनही खाली येणाऱ्याइतकंच बघण्यासारखं आहे.

उंची वाढवणाऱ्या पावडरींना शून्य. डब्यावर काहीही छापलेलं असो, माल्ट, साखर आणि जीवनसत्त्वांनी हाडाची टोकं वाढत नाहीत, आणि टोकं मिटली असतील तर कशानेच नाही. ती मिटली की नाही हे डाव्या मनगटाच्या एका एक्स-रेवरून कळतं. तज्ज्ञांकडे जाताना तो आधी काढून नेऊ नका, लागला तर ते सांगतील. न्यायचं ते एवढंच: लसीचं कार्ड, प्रगतिपुस्तकं, आई-बाबांची मोजलेली उंची, आणि आईला पाळी कितव्या वर्षी आली व बाबांची उंची कितवीत असताना वाढली याचं उत्तर. शेवटचं आजीला विचारा, बाबांना आठवत नसतं.